आजच्या तारखेचा रकाना

नगरपालिकेच्या तक्रार निवारण कार्यालयाचा मदत क्रमांक बदलला, ही घटना वरकरणी किरकोळ होती. दारावरची पाटी रंगाऱ्याने त्याच दुपारी बदलली. वेबसाइटवरचा क्रमांक मात्र जागचा हलेना, कारण तो प्रोग्रामच्या पोटात एका फाइलमध्ये लिहिलेला होता. ती फाइल बदलायची तर सगळी यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करावी लागे, आणि ते जिला जमत असे ती कार्यालयाची एकुलती एक प्रोग्रामर बाई रजेवर होती. दरम्यान जुना क्रमांक एका दंतवैद्याला मिळाला. ती रजेवरून येईपर्यंत लोक त्याला नळाला पाणी नसल्याचं सांगत राहिले आणि तो त्यांना रिकाम्या पोटी येऊ नका म्हणून बजावत राहिला.

ती आल्याबरोबर साहेबांनी बोलावून घेतलं. साहेब नीटनेटके, हळू बोलणारे गृहस्थ होते. 'नाही' हा शब्द त्यांनी उभ्या नोकरीत वापरला नव्हता. त्याऐवजी ते 'पाहू' म्हणत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की फोन नंबरासारख्या गोष्टीसाठी प्रोग्रामर लागू नये. कुणालाही पटावं असंच ते होतं, आणि तिलाही पटलं.

ती कंत्राटावर होती. दर वर्षी तिचं कंत्राट संपे आणि दर वर्षी ते वाढेल की नाही या काळजीत ती महिनाभर कमी जेवत असे. पण कामात तिला हयगय खपत नसे. तिने डेटाबेसमध्ये एक तक्ता केला आणि त्यात एकच ओळ ठेवली. त्या ओळीत कार्यालयाचं नाव, मदत क्रमांक, कामाची वेळ, पहिल्या पानावरची सूचना, तक्रार किती दिवसांत निकाली काढायची ती मुदत, असे नगरपालिकेच्या सगळ्या विभागांच्या यंत्रणेला लागू होणारे रकाने होते. ती ओळ पुसता येत नसे आणि तिच्या जोडीला दुसरी घालताही येत नसे. साहेबांसाठी तिने एक पान बनवलं आणि वर लिहिलं, 'सर्वसाधारण सेटिंग'. साहेबांनी स्वतःच्या हाताने नवा मदत क्रमांक टाकला, तो क्षणात बदलला, आणि ते बराच वेळ खुशीत खुर्चीवर गोल फिरत राहिले.

घरी तिने कौतुकाने सांगितलं की आता सगळ्या ऑफिसचं सेटिंग आपल्या हाताखालून जातं. हे शेजारच्या मावशींनी ऐकलं. त्या आठवड्यात तिच्याकडे फळांच्या पिशव्या घेऊन लोक येऊ लागले. ती प्रत्येकाला बसवून डेटाबेस म्हणजे काय, रकाना म्हणजे काय, हे समजावून सांगे. लोक मान डोलावत ऐकून घेत आणि उठताना हळूच म्हणत, "कळलं. बोलणं बाहेर जाणार नाही."

खरं तर त्या ओळीत एक रकाना जास्तीचा होता. नियम असा होता की तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर ती पडद्यावर लाल व्हावी आणि आपोआप वरिष्ठ कार्यालयाकडे जावी. हे घडतं की नाही ते तपासायला तीस दिवस बसून राहणं काही शक्य नव्हतं. म्हणून तिने चाचणीपुरता एक रकाना घातला होता: 'आजची तारीख'. रिकामा ठेवला तर खरी तारीख चालू राही. काही भरलं तर सगळी यंत्रणा तोच दिवस आज आहे असं समजून कामाला लागे. चाचणी झाल्यावर तो काढायचा होता, पण तेवढ्यात साहेबांना पहिल्या पानाची पट्टी हिरवी हवी झाली, मग पोपटी हवी झाली, आणि रकाना राहून गेला.

तो साहेबांना सापडला. त्यांनी विचारलं, तिने खरं ते सांगितलं.

"म्हणजे मी इथे काल टाकलं, तर?"

"तर काल."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना, सर."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ती म्हणाली की चुकून राहिलाय, आत्ता काढून टाकते. त्यावर साहेब म्हणाले, "राहू द्या. एकदा दिलेली सोय काढून घेतलेली बरी दिसत नाही."

महिनाअखेरीला वरिष्ठांची आढावा बैठक होती आणि बऱ्याच तक्रारी लाल होण्याच्या बेतात होत्या. साहेबांनी बैठकीआधीच रकान्यात चालू दिवसाची तारीख टाकली आणि ती तिथेच थांबली. फक्त बैठक होईपर्यंत, असं त्यांनी स्वतःला आणि तिलाही बजावलं. बैठकीत या कार्यालयाची एकही तक्रार मुदतीबाहेर नसल्याचं दिसलं. वरिष्ठांनी उभं राहून कौतुक केलं. साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं आणि ते भिंतीवर, घड्याळ काढून मोकळ्या झालेल्या खिळ्यावर लागलं.

बैठक झाल्यावर तारीख मोकळी करायची होती. पण आता ती मोकळी केली असती तर अडवून धरलेल्या सगळ्या तक्रारी एका क्षणात लाल झाल्या असत्या, आणि प्रशस्तिपत्राची शाईसुद्धा वाळली नव्हती. साहेब म्हणाले, पाहू. दुसऱ्या गावांहून अधिकारी अभ्यासदौऱ्यावर येऊ लागले. हे कसं साधलंत, असं ते विचारत. साहेब विनयाने सांगत, "काही नाही, वेळेचं व्यवस्थापन."

यात पहिली अडचण लेखापालांना आली. महिना संपत नसल्यामुळे पगार निघेना. लेखापाल शांत माणूस होता, पण बायकोने दिलेली सामानाची यादी खिशात घेऊन तो चार दिवस हिंडला आणि पाचव्या दिवशी साहेबांच्या टेबलावर तीच ठेवली. साहेबांनी प्रोग्रामर बाईला बोलावलं. पगारापुरती तारीख चालू ठेवता येईल का? तांत्रिकदृष्ट्या येत होतं. तिने 'वेतनाची तारीख' असा रकाना वाढवला. मग वसुली विभाग आला. थांबलेल्या तारखेमुळे पाणीपट्टीची मुदत संपत नव्हती, दंड लागत नव्हता, आणि लोक चक्क सुखाने झोपत होते. 'वसुलीची तारीख' हा रकाना झाला. त्या तारखेला थांबून राहण्याचं काही कारण नव्हतं, म्हणून ती दोन आठवडे पुढे ठेवण्यात आली.

हेडक्लार्क त्या महिन्यात निवृत्त व्हायचे होते. निरोपाचा हार आणून ठेवला होता. तो वाळला. हेडक्लार्क सगळ्यांना सांगत की मला काडीचा मोह नाही, यंत्रणाच सोडत नाही त्याला मी काय करणार. त्यांच्या जागेवर डोळा ठेवून बसलेल्या सिनियर क्लार्कने अर्ज केला की माझी बढती अडली आहे. अर्ज रास्त होता. तिने 'निवृत्तीची तारीख' आणि 'बढतीची तारीख' असे दोन वेगळे रकाने केले. पहिली थांबली, दुसरी पुढे सरकली. कार्यालयाला दोन हेडक्लार्क झाले आणि एकच खुर्ची असल्याने एक सकाळी बसू लागले, एक दुपारी. एव्हाना सगळे तिला रकानेबाई म्हणू लागले होते, आणि तीही हाकेला ओ देऊ लागली होती.

कुठल्या कामाला कोणती तारीख, यावरून गोंधळ माजायला लागला तेव्हा साहेबांनी दिनांक समन्वय समिती नेमली. समितीची पहिली बैठक होऊ शकली नाही, कारण सगळे सभासद ठरलेल्या तारखेला वेगवेगळ्या दिवशी आले.

इथवर रकानेबाईला हे सगळं गमतीचं वाटत होतं. तिच्यावर कुणी ओरडत नव्हतं. शिवाय तिचं कंत्राट मूळ तारखेवर चालत होतं आणि मूळ तारीख थांबली होती. कंत्राट संपायचंच नाव घेत नव्हतं. कित्येक वर्षांनी ती पोटभर जेवत होती.

तिचे वडील, ज्यांना अख्खी गल्ली अण्णा म्हणे, गणिताचे निवृत्त मास्तर होते. आयुष्यभर घंटा व्हायच्या आधी वर्गात गेलेले. एका सकाळी दूध घेऊन येताना गल्लीतल्या गटाराच्या झाकण नसलेल्या तोंडात त्यांचा पाय गेला. घोटा मोडला. प्लास्टर घालून झाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तक्रार नोंदवली. गल्लीतल्या सगळ्यांनी तिला पाठिंबा दिला. मुलीला मधे घालायचं नाही, हे तत्त्व म्हणून त्यांनी ठरवलं होतं. ते रोज सकाळी मदत क्रमांकावर फोन करत, आणि पलीकडची मुलगी रोज गोड आवाजात सांगे की काका, तुमची तक्रार आजच आली आहे, थोडा धीर धरा.

अण्णांनी धीर धरला. प्लास्टर निघालं. काठी आली. गटाराचं तोंड उघडंच होतं; त्यावर कुणीतरी मोडकी खुर्ची आणून ठेवली होती. शेवटी एक दिवस अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, काठी टेकत, साहेबांसमोर जाऊन बसले. रकानेबाई पलीकडच्या टेबलावरून सगळं ऐकत होती आणि मान वर करत नव्हती.

साहेबांनी त्यांना पाणी दिलं. तक्रार उघडली. पडदा त्यांच्याकडे वळवला.

"आपण हे बघा. तक्रार आजची आहे. आमच्याकडे तीस दिवस आहेत."

"साहेब, माझं प्लास्टर निघालं."

"त्याबद्दल अभिनंदन. पण नोंदीप्रमाणे आपण आज सकाळीच पडलेले आहात."

अण्णा खिडकीशी गेले. बाहेरच्या झाडाची सगळी पानं गळून नवी फुटली होती, तिकडे त्यांनी काठीने दाखवलं. साहेब म्हणाले की झाडं बाग विभागाकडे येतात. मग त्यांनी मोठ्या आपुलकीने सांगितलं की ही सगळी व्यवस्था आपल्याच कन्येच्या हातची आहे, आणि आपल्याला अभिमान वाटायला हवा.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर ताट उचलताना अण्णा एवढंच म्हणाले की मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, उत्तर चुकलं तर चालेल, पण गणितातला आकडा बदलून उत्तर जुळवायचं नाही. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. तिला सगळं आठवत होतं: चाचणी, पोपटी पट्टी, राहून गेलेला रकाना. आणि हेही कळत होतं की खरी तारीख लागली तर तिचं कंत्राट कधीच संपून गेलेलं असेल.

दुसऱ्या दिवशी ती लवकर कार्यालयात गेली. तिने ती ओळ उघडली, तारखांचे सगळे रकाने रिकामे केले आणि जतन करा हे बटण दाबलं. एवढंच होतं ते.

साहेब आले तेव्हा पडदा लालभडक झालेला होता. सकाळचे हेडक्लार्क निवृत्त झाले होते आणि दुपारच्यांनी सकाळीच खुर्ची धरली होती. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी तिला कारणे दाखवा नोटीस दिली आणि लेखी खुलासा सात दिवसांत मागितला. अण्णांची तक्रार वरिष्ठ कार्यालयाकडे गेली. ती वरून दुपारीच परत आली, कारण वरिष्ठ कार्यालयाने ही आदर्श पद्धत मागेच स्वीकारून आपली तारीख आणखी मागे नेऊन थांबवली होती आणि त्यांच्या हिशेबाने अण्णा अजून पडायचेच होते.

पण खरा धक्का लोकांनी दिला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कार्यालयाबाहेर ही गर्दी. तिला वाटलं, इतके दिवस फसवलं म्हणून आले असतील. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. पुढे एक हॉटेलवाला होता. त्याचा परवाना एका सकाळीत मुदतबाह्य झाला होता. त्याच्या मागे एक तरुण होता. नोकरीच्या अर्जासाठी वय बसत होतं ते आज अचानक बसेनासं झालं होतं. त्याच्या मागे बंद गॅलरीवाले, वाढीव जिनेवाले, गच्चीवर खोली चढवलेले, ज्यांना बेकायदा बांधकाम तीस दिवसांत पाडण्याच्या नोटिसा मिळाल्या होत्या आणि ज्यांचे तीस दिवस आजवर संपत नव्हते. तिच्या गल्लीतले लोकही त्यात होते. सगळ्यांची मागणी एकच होती. आधीची तारीख पुन्हा सुरू करा.

"इतकी वर्षं या ऑफिसात एक गोष्ट धड चालत होती," हॉटेलवाला म्हणाला, "तीही तुम्ही बिघडवलीत."

गर्दीच्या शेवटी काठी टेकत अण्णा उभे होते. त्यांना पाहून तिला बळ आलं. ते पुढे आले, घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. घराच्या कुंपणाची भिंत त्यांनी बांधताना हातभर पुढे घेतली होती. फक्त हातभर. ती गल्लीत आल्यामुळे लोकांना त्या गटारावरून जावं लागे, असं कुणीतरी लिहून दिलं होतं, आणि नोटीस आली होती. आज सकाळी तिची मुदत संपली.

"अण्णा, काल तर तुम्ही म्हणालात..."

"म्हणालो ना. तत्त्व तेच आहे," अण्णा म्हणाले. "झाकणासाठी खरी तारीख ठेव. भिंतीपुरती वेगळी करता येते का, एवढंच बघ."

तिने वडिलांकडे पाहिलं. ती शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला गेली की तिची नजर जिथे असे तिथेच आता त्यांची होती, म्हणजे चपलांकडे. तिला हसूही येईना आणि रागही येईना. तिने त्यांना आत घेतलं, स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. काठी आपल्या टेबलाला टेकवून ठेवली.

साहेबांनी खिडकीआडून हे ऐकलं होतं. त्यांना तासाभरात धोरण सुचलं. सगळ्या यंत्रणेला एकच तारीख, ही मुळात एककल्ली कल्पना होती, असं त्यांनी समितीला सांगितलं. या वेळी समितीचे सगळे सभासद एकाच दिवशी जमले होते. प्रत्येक नागरिकाला त्याच्या गरजेप्रमाणे तारीख मिळायला हवी. तांत्रिकदृष्ट्या हे करता येईल का, असं त्यांनी विचारलं. सगळे तिच्याकडे पाहू लागले.

येत होतं. ती नाही म्हणू शकली असती. बाहेर हॉटेलवाला उभा होता, तो तरुण उभा होता, आत तिच्या खुर्चीवर वडील बसले होते, आणि तिचं कंत्राट वाढवण्याचा कागद सहीविना साहेबांच्या खणात होता. तिने संध्याकाळपर्यंत नागरिकांच्या तक्त्यात एक रकाना वाढवला: 'आपली तारीख'. कारणे दाखवा नोटिशीचं काय करायचं, असं तिने जाताना विचारलं. साहेबांनी तिच्या नावापुढच्या रकान्यात नोटिशीचाच दिवस टाकला. म्हणाले, आता सात दिवसांची काळजी नको, निवांत लिहा.

ती आजतागायत निवांत लिहिते आहे.

रकाना सुरू झाला आणि लोकांनी तो धडाधड भरला. हॉटेलवाल्याने परवाना संपायच्या आदल्या दिवसाची तारीख टाकली. तरुणाने वाढदिवसाच्या आदल्या दिवसाची. रस्त्याच्या ठेकेदाराने दूरची पुढची टाकली, रस्त्याची हमी संपल्यानंतरची. अण्णांनी बराच विचार करून भिंतीच्या सोयीची टाकली. झाकणाच्या जागी खुर्ची आहेच, म्हणाले, तिची लोकांना आता सवय झाली आहे. एका म्हाताऱ्याने टाकलेल्या तारखेचा कशाशीच मेळ लागेना. त्याचा परवाना नव्हता, थकबाकी नव्हती, नोटीस नव्हती. तिने शोधलं तेव्हा दिसलं की त्याच्या बायकोच्या मृत्यूची नोंद याच नगरपालिकेत झाली होती आणि ही तारीख त्या मृत्यूच्या आदल्या दिवसाची होती. तिने ते पान बंद केलं आणि पाणी प्यायला बाहेर गेली.

आता तक्रारी जवळजवळ बंद झाल्या आहेत. ज्याच्यापाशी स्वतःची तारीख आहे त्याला उशीर कशाचा. वरिष्ठांनी साहेबांना दुसरं प्रशस्तिपत्र दिलं आहे. त्यावर तारखेची जागा कोरी सोडली आहे.

रकान्याच्या खाली रकानेबाईने बारीक अक्षरात एक सूचना ठेवली आहे: 'रिकामा ठेवल्यास खरी तारीख लागेल.' आजवर तो कुणीही रिकामा ठेवलेला नाही. लोकांना अक्षर वाचता येत नसेल म्हणून तिने ते एकदा ठळक करून पाहिलं. तेव्हा रिकामा राहण्याचा धोकाच नको, काहीतरी भरलेलं असणं सक्तीचं करा, असे अर्ज आले. त्यांचा विचार चालू आहे. तोवर नवीन येणाऱ्याला ते पान पूर्वीसारखंच दिसतं. नाव भरा, पत्ता भरा, आणि शेवटी तो रकाना.

तुमच्या नावाचं पानही उघडलेलं आहे. घाई नाही, मागे रांग नाही, कुणी बघत नाही. तो तेवढा रिकामा ठेवणार आहात ना?